एका रेघेतल्या चाळीस बाटल्या

ऑफिसात बाईंना पाठीमागे मोजपट्टी म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कधी कळलं नाही, पण बाईंना ते माहीत होतं आणि खटकत नव्हतं. एकदा खरेदी विभागातला एक जण भर मीटिंगमध्ये "मोजपट्टीला विचारून सांगतो" असं बोलून बसला आणि त्याची बोबडी वळली. बाई समोरच होत्या. "विचारा," त्या म्हणाल्या. विषय तिथेच संपला.

वय चौपन्न. तिसऱ्या मजल्यावरच्या एकतीस माणसांच्या कंपनीच्या त्या प्रमुख. खाली चष्म्याचं दुकान, मधे एका वकिलाचं ऑफिस, वर ही कंपनी. कंपनीकडे औषध एकच, आणि तेही अजून बाजारात आलेलं नव्हतं. ज्या आजारावर ते होतं तो आजार असलेली मुलं साऱ्या देशात मिळून चाळीसेक निघाली होती. या मुलांच्या शरीरात स्नायूंना लागणारा एक घटक तयारच होत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मूल जिना चढताना बसायला लागतं. बाराव्या वर्षाच्या आसपास ते चालणं सोडतं.

बाईंच्या सासूबाईंना हा धंदा शेवटपर्यंत कळला नाही. साऱ्या देशात चाळीसच गिऱ्हाइकं असलेलं दुकान कुणी काढतं का, असं त्या आल्यागेल्याला विचारत, आणि सूनबाई शिकलेली आहे म्हणून आपण बोलत नाही, असंही वर सांगत. बाईंचे यजमान शाळेत भूगोल शिकवत. ते आईला म्हणायचे, "अगं, तिच्या गिऱ्हाइकांची नावं तरी तिला पाठ आहेत. तुझ्या वाण्याला तू माहीत आहेस का?"

बाई या कामात आल्या त्यामागे करुणा वगैरे काही नव्हती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात लागल्या आणि नऊ वर्षं चवीच्या खोलीत बसल्या. सहा खुर्च्या, सहा बेसिन, आणि रंगावरून कुणी अंदाज बांधू नये म्हणून लाल दिवा. चमचाभर घ्यायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, कागदावर आकडा लिहायचा. कडूपणा कशाने झाकतो आणि आंबटपणा कशाने वर येतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. घरी मात्र भाजीत मीठ कमी पडलंय का, यावर त्या बोलायच्या नाहीत. ते कामाचे तास नव्हेत, म्हणायच्या.

पुढे मोठ्या कंपनीत, दर्जा तपासणीच्या विभागात अकरा वर्षं. तिथे त्यांनी झाकणं गळतात म्हणून एक पूर्ण साठा अडवून धरला. साहेबांनी समजावलं, मग दटावलं, मग बाईंची बदली दुर्मिळ आजार विभागात केली. विभाग म्हणजे जिन्याखाली दोन टेबलं. बढतीच्या नावाखाली दिलेली ही शिक्षा होती आणि हे शिपायापासून सगळ्यांना कळत होतं. बाईंनी टेबल पुसलं आणि फायली काढल्या. सदतीस फायली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं काम मिळालं होतं, की ज्यातला प्रत्येक रुग्ण नावानिशी मोजता येत होता. त्या रमल्या.

पाच वर्षांनी मोठ्या कंपनीने तो विभाग गुंडाळला. जिन्याखालच्या दुसऱ्या टेबलावरचा संशोधक आणि बाई तेवढं एक औषध सोबत घेऊन बाहेर पडले. प्रमुख कुणी व्हायचं हा प्रश्न आला तेव्हा संशोधकाने कानांवर हात ठेवले. म्हणून बाई प्रमुख झाल्या.

औषध बाजारात आणायचं तर आधी चाचणी. दोन शहरांतल्या दोन रुग्णालयांत मिळून चोवीस मुलं घेतली. एका ठिकाणी चौदा, दुसऱ्या ठिकाणी दहा. मुदत एक वर्ष. नियम असा, की काही मुलांना खरं औषध द्यायचं आणि काहींना कोरी बाटली, म्हणजे तसंच दिसणारं, तसंच लागणारं, पण औषध नसलेलं सरबत. कुणाला काय मिळालं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवतो, आणि ते आईबापांना, डॉक्टरांना, कंपनीला, कुणालाच कळता कामा नये. वर्षाच्या शेवटी त्या यादीचं बंद पाकीट फोडायचं आणि बघायचं, की खऱ्या बाटलीची मुलं कोऱ्या बाटलीच्या मुलांपेक्षा किती पुढे गेली.

कोरी बाटली बनवण्याचं काम बाईंनी स्वतःकडे ठेवलं. खरं औषध आंबट आणि कडू होतं. आंबटपणा काढता येत नव्हता, कारण आम्लाशिवाय ते टिकत नव्हतं. कोऱ्या बाटलीत मात्र आम्लाची गरज फक्त चवीपुरती. बाईंच्या मनात आलं, की ज्या मुलांना या बाटलीतून काहीच मिळणार नाही त्यांचे दात तरी वर्षभर आम्लात का भिजवायचे? त्यांनी आम्ल चौथाईवर आणलं आणि आंबटपणाचा भास दुसऱ्या एका पदार्थाने साधला. नऊ जणांना लाल दिव्याखाली बसवून दोन्ही पाजून पाहिलं. एकालाही फरक ओळखता आला नाही. बाईंनाही नाही. त्या दिवशी त्या घरी जाताना गुणगुणत होत्या, असं त्यांच्या ड्रायव्हरने नंतर सांगितलं. यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

चाचणी सुरू झाली. दर चार आठवड्यांनी कुटुंबं रुग्णालयात यायची. मुलांची तपासणी, चालण्याची परीक्षा, जुन्या चार बाटल्या परत करायच्या, नव्या चार घ्यायच्या. बाटलीत गरजेपेक्षा थोडं जास्त भरलेलं असे, म्हणजे परत आलेल्या बाटलीत किती उरलं यावरून मुलाने औषध नीट घेतलं का ते कळतं.

परत आलेल्या बाटल्यांच्या नोंदी कंपनीत एक मदतनीस करायची. कंपनीच्या प्रमुखाने गोदामात जाऊन रिकाम्या बाटल्या बघत बसण्याचं काही कारण नव्हतं. बाई महिन्यातून एकदा जायच्या. सातव्या महिन्यात त्या गेल्या तेव्हा मदतनिशीने दहा मुलांच्या केंद्राच्या चाळीस बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडल्या होत्या. मागून उजेड येत होता. चाळीसही बाटल्यांत तपकिरी काचेतून सरबताची पातळी दिसत होती, आणि ती एका रेघेत होती.

बाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मागच्या महिन्यांच्या नोंदी मागवल्या. चौदा मुलांच्या केंद्रात जसं असायला हवं तसं होतं. कुठे आठ मिलिलिटर, कुठे बावीस, एक बाटली मांजराने पाडली म्हणून रिकामी. दहा मुलांच्या केंद्रात पहिल्या दोन महिन्यांत तसंच. तिसऱ्या महिन्यापासून मात्र बारा, बारा, बारा, बारा.

"किती व्यवस्थित आहेत ना या आया," मदतनीस म्हणाली.

"घरात असं होत नाही," बाई म्हणाल्या.

बाटल्या तपासायला पाठवल्या असत्या तर कोणती खरी आणि कोणती कोरी हे फुटलं असतं, आणि तो अधिकार बाईंना नव्हता. पुढच्या तपासणीच्या दिवशी त्या कुणाला न सांगता त्या शहरात गेल्या. लांबून येणाऱ्या कुटुंबांसाठी कंपनीने रुग्णालयामागच्या गल्लीत एक जुनी दुमजली इमारत भाड्याने घेतली होती. खाली मोठं स्वयंपाकघर, तीन बर्नरची शेगडी, वर खोल्या. दुपारी चारला बाई तिथे पोचल्या. बाहेरच्या खोलीत वडील मंडळी टीव्हीसमोर बसली होती आणि मुलं जमिनीवर खेळत होती. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. बाईंनी ते ढकललं.

टेबलावर स्टीलचं मोठं पातेलं होतं. भोवती त्याच दिवशी मिळालेल्या नव्या चाळीस बाटल्या, झाकणं काढलेल्या. नऊ आया भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दहावी पातेल्यातून सिरिंजने सरबत ओढून बाटल्यांत भरत होती. बाईंना पाहून नऊजणींच्या तोंडचं पाणी पळालं. दहावीने मान वर केली आणि परत खाली घातली.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "मोजणं चुकेल."

बाई थांबल्या. बाईंच्या आयुष्यातली ही बहुधा एकमेव वेळ, की कुणी त्यांना मोजणं चुकेल म्हणून थांबवलं. सव्वीस बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. शेवटचं झाकण लागलं तेव्हा त्या बाईने हात पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

ती कपडे शिवायची. इतर आया तिला टेलरताई म्हणत. तिची मुलगी आठ वर्षांची. सगळं तिनेच सांगितलं, आणि सरळ सांगितलं. औषध पाण्यातून द्यायचं असं कागदावर होतं, पण आंबट-कडू सरबत पाण्यातून कोणतं मूल घेतं? दुसऱ्या खेपेला या स्वयंपाकघरात तिघीजणी एकाच वेळी शेगडीवर दूध गरम करत होत्या. तिघींनी आपापलं औषध आपापल्या दुधात घातलं. दोघींचं दूध फाटलं, एकीचं जसंच्या तसं राहिलं. आधी वाटलं दूधच शिळं आहे. पण तिघींचं दूध एकाच पिशवीतलं. मग उरलेल्या सातजणींना बोलावलं आणि एकेकीचं औषध घालून पाहिलं. दहांतल्या सहाजणींचं दूध फाटलं, चौघींचं नाही.

"आपल्या बाटलीत काहीच नाही हे त्या चौघींना कळायला वेळ लागला नाही," टेलरताई म्हणाली. भिंतीला टेकलेल्या चौघींपैकी एक बाहेर निघून गेली.

बाईंनी विचारलं, "तुमचं कुठलं?"

"आमचं फाटायचं."

"म्हणजे तुमच्या मुलीला पूर्ण औषध मिळत होतं. ते तुम्ही कमी केलंत."

"सहाजणींचं दहाजणींत वाटलं."

"का?"

टेलरताईचा हा प्रश्न आधी स्वतःला विचारून झाला असावा, कारण ती लगेच बोलली. "मॅडम, आम्ही दहाजणी रोज फोनवर बोलतो. पोराला आज काय झालं, कुठले बूट बसले, कुठला डॉक्टर ओरडला. या आजाराबद्दल बोलायला आम्हाला दुसरं माणूसच नाही. तिच्या पोराला काही नाही आणि माझ्या पोरीला सगळं, आणि उद्या सकाळी मी तिला फोन करून काय म्हणू? तुम्ही चिठ्ठ्या टाकल्या. ते तुमचं काम. आम्ही वाटून घेतलं."

"आणि उरलेलं? सगळ्यांत बारा मिलिलिटर कसं?"

"या कोपऱ्यातल्या हिची बाटली एकदा पार संपली होती. ही रडायला लागली, की आता आपल्याला काढून टाकतील. म्हणून परत द्यायच्या आधी सगळ्यांचं उरलेलं गोळा करते आणि सारखं भरते."

"थोडं कमीजास्त ठेवायचंत. मला कळलंच नसतं."

टेलरताईने बाटल्यांकडे पाहिलं. "हात बसलाय," ती म्हणाली. "वाकडं जमत नाही."

मग तिला जी एकच गोष्ट विचारायची होती ती तिने विचारली. "आता औषध बंद करणार का?"

बाई म्हणाल्या, माहीत नाही. खोटा धीर देण्याची त्यांना सवय नव्हती.

परतीच्या प्रवासात त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. नियम त्यांना पाठ होते, तरी वाचले. चूक रुग्णाच्या घरच्यांची असेल तर ते रुग्ण चाचणीतून बाद, औषध बंद. चूक औषध बनवणाऱ्याची असेल तर चाचणी रद्द होऊ शकते, पण पुढचा निर्णय होईपर्यंत सगळ्या मुलांना औषध पुरवण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांच्या खोलीत तिघं बसले. अध्यक्ष, बाई आणि चाचणीची आकडेमोड बघणारा गणिती. या गणितीला सगळे गुरुजी म्हणत, कारण तो कुठल्याही प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहूनच द्यायचा. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. पैसे घालणारी मंडळी त्यांनीच गोळा केली होती आणि त्या मंडळींना तोंडही तेच देत होते. त्यांनी अहवालासाठी एक वाक्य तयार ठेवलं होतं: सहभागी कुटुंबांनी जाणूनबुजून नियमभंग केल्यामुळे या केंद्रातील दहा रुग्ण बाद करण्यात येत आहेत.

गुरुजींना विचारलं, की चौदा मुलांवर चाचणी तरते का. त्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या. जेमतेम, पण तरते.

"संपलं मग," अध्यक्ष म्हणाले. "वाक्यात काही खोटं आहे का, बाई? त्यांनी केलंच ना हे?"

"खोटं नाही. अर्धं आहे."

"उरलेलं अर्धं काय?"

"त्यांनी नियम मोडण्याआधी तो मीच मोडून ठेवला होता. कोऱ्या बाटलीत आम्ल कमी मी केलं. त्याने दूध फाटत नाही, म्हणून ओळखू येतं, आणि घरच्या शेगडीवर ओळखू येतं. चौदा मुलांच्या घरीही दूध आहे."

"तिथे कुणाला कळलेलं नाही."

"आपल्याला कळलंय."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. हे अर्धं लिहिलं तर चाचणी बुडणार. चाचणी बुडाली तर पैसे घालणारे जाणार. ते गेले तर औषधच जाईल, मग ते कुणालाच मिळणार नाही. या दहांना नाही, त्या चौदांना नाही आणि पुढे जन्माला येणाऱ्यांनाही नाही. दहा मुलांपायी एवढं सगळं पणाला लावायचा हक्क बाईंना कुणी दिला?

बाई एवढंच म्हणाल्या, की अहवालावर सही त्यांची लागते आणि अर्ध्या वाक्याखाली ती मिळणार नाही. साठा अडवून धरला होता त्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं, पण तेव्हा फार तर झाकणं गळत होती. या वेळी आपण बरोबर आहोत याची त्यांना खात्री नव्हती. गुरुजी फळा पुसत राहिले. फळा कधीच स्वच्छ झाला होता.

अहवाल बाईंनी स्वतः लिहिला. पहिल्या पानावर आम्ल, दुसऱ्यावर दूध, तिसऱ्यावर वाटणी. औषध नियंत्रण खात्याने समिती बसवली. लांब टेबल, पाच माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. मधल्या खुर्चीत साठीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अहवालाला खुणेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

"आम्ल कमी करायला कुणी सांगितलं?"

"मीच ठरवलं."

"कारण?"

"दात किडतील म्हणून."

टेबलाच्या टोकाला बसलेल्याने काहीतरी लिहून घेतलं.

"दुधात घालून पाहिलं होतं का?"

"नाही. पाण्यात पाहिलं. सूचनेच्या कागदावर पाणी होतं."

"तुम्हाला मुलं आहेत?"

"एक मुलगा आहे. आता मोठा झाला."

"त्याला औषध कागद वाचून देत होतात?"

"नाही," त्या म्हणाल्या. "जमेल तसं देत होते."

निर्णय सहा आठवड्यांनी आला. चाचणी रद्द. चोवीस मुलांना नवी चाचणी सुरू होईपर्यंत पूर्ण औषध द्यावं. नव्या चाचणीत कोरी बाटली असू नये. दोन वेगळ्या मात्रांची तुलना करावी. शेवटची अट चार ओळींची होती: कोऱ्या बाटलीच्या चुकीला जबाबदार असलेल्या व्यक्तीकडे नव्या चाचणीची किंवा कंपनीच्या प्रमुखपदाची जबाबदारी नसावी.

पैसे घालणाऱ्यांपैकी दोघे गेले, एक राहिला. एकतीस माणसांतली अकरा सोडून गेली. औषध जगलं असं म्हणता येत नव्हतं आणि मेलं असंही नाही. बाईंच्या जागी मोठ्या कंपनीतून एक डॉक्टर आला. सभ्य माणूस, पण बाईंची खुर्ची त्याला फार खाली वाटली आणि त्याने ती बदलून घेतली. यजमानांनी घरी विचारलं, आता तू काय करणार. बाई म्हणाल्या, आधी कपाट लावते.

महिना संपायच्या आत त्या एकदा त्या शहरात जाऊन आल्या. तिकीट त्यांनी स्वतःच्या पैशाने काढलं. रुग्णालयात त्या दिवशी पूर्ण औषधाच्या बाटल्या दिल्या जात होत्या. टेलरताई इमारतीच्या जिन्यावर मुलीची वाट बघत उभी होती. मुलगी खालून चढत होती. सात पायऱ्या झाल्यावर ती बसली. टेलरताई हलली नाही, नुसती बघत राहिली. थोड्या वेळाने मुलगी उठली आणि पुढच्या पायऱ्या चढू लागली.

"आता सगळ्यांना पूर्ण?" टेलरताईने विचारलं.

"पूर्ण. नवी चाचणी सुरू होईपर्यंत."

"आणि मग परत चिठ्ठ्या."

"परत चिठ्ठ्या. पण एक कमी मात्रा आणि एक जास्त. काहीच नाही असं कुणाचं नसेल."

"कुणाला कमी आलं ते कळेल आम्हाला?"

"या वेळी कळणार नाही."

टेलरताईने बाईंकडे जरा रोखून पाहिलं. हे आश्वासन आहे की आव्हान, हे ती ठरवत असावी.

"वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "या वेळी वाटलंत तर तुम्हीच बाद व्हाल, आणि मला काही करता येणार नाही."

"कळलंच आम्हाला काही, तर आधी तुम्हाला फोन करीन."

"मी नाही आता तिथे."

टेलरताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी वरच्या पायरीवर येऊन तिच्या कमरेला धरून उभी राहिली होती, धापा टाकत.

"मग फोन कुणाला करायचा?"

बाईंनी पर्समधून कागद काढला, भिंतीवर धरला आणि नव्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर लिहिला. खाली, थोडा विचार करून, ते किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत फोन उचलतात तेही लिहिलं. टेलरताईने तो वाचला आणि नंबर एकदा मोठ्याने म्हणून खात्री करून घेतली.